ख्रिस्ती शाळा, त्यांचे शिक्षक आणि कलम ३०

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतील शिक्षक कोणी नेमावेत, त्यांना वेतन किती मिळावे आणि सरकारी नियमांचा अंकुश कितपत चालावा, हे प्रश्न राज्यघटनेच्या ३० व्या कलमाशी निगडित आहेत. धर्म वा भाषा यांवर आधारित अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. व्यवस्थापन अल्पसंख्याकांचे आहे, या कारणावरून अनुदानात भेदभाव करण्यासही सरकारला मनाई आहे.

अल्पसंख्याक ठरविताना राज्य हे एकक धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ सदस्यीय पीठाने टी. एम. ए. पै प्रकरणी ३१ ऑक्टोबर २००२ रोजी स्पष्ट केले. हाच निकष लावल्यास चंडीगढच्या मनीमाजरा भागात शाळा काढणाऱ्या मराठी भाषकांनाही भाषिक अल्पसंख्याक म्हणून दावा करता येईल; पुण्यात मात्र नाही.

महाराष्ट्रातील मिशनरी शाळांची परंपरा घटनेहून बरीच जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथे त्यांनी काम केले. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, असे चरित्रकार नमूद करतात.

शाळा चालविण्याच्या अधिकारात गैरकारभाराची मुभा अभिप्रेत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकाबाबत घेतली. शिक्षकांसाठी महत्त्वाचा निकाल आला तो १९८६ मध्ये, दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या याचिकेवर. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सेवाशर्तींच्या प्रकरणातून वगळणारी दिल्लीच्या कायद्यातील तरतूद मुख्यत्वे घटनाबाह्य ठरली. सरकारी शाळांइतके वेतन दिल्याने कलम ३० चा भंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

महाराष्ट्राच्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या कायद्यात वेगळी सवलत आहे. अल्पसंख्याक शाळेचे मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने कळविलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या नेमणुकीस तो कायदा लागू होत नाही. व्यवस्थापनाची ही मोकळीक ज्येष्ठ शिक्षकासाठी बढतीची हुकलेली संधीही ठरू शकते.

अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या जोगिणी व धर्मगुरू आपले वेतन धर्मसंघाला देतात. तरीही त्या वेतनातून मुळातच प्राप्तिकर कापला जाईल, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केला.

शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही, असा निकाल घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणी दिला होता. त्याच्या ग्राह्यतेबद्दल दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी शंका व्यक्त केली. त्या वेळच्या प्रकरणांपैकी एक महाराष्ट्रातील होते. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा आदेश पीठाने दिला. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना परीक्षेविना नोकरीत राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठासमोर ठेवण्याच्या दृष्टीने सरन्यायाधीशांकडे पाठविण्यात आला आणि त्याचा निर्णय होईपर्यंत तेथील शिक्षकांना हा आदेश लागू करण्यात आला नाही.