केतुचार आणि कक्षागणित : दीर्घावधी धूमकेतूंच्या गतकाळाचा प्रश्न

जोगेश्वरीचे शैव लेणे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानले जाते; हा काळ मुख्यतः शिल्पशैलीवरून अनुमानाने ठरविलेला आहे. त्याच सुमारास, इ. स. ५३० च्या सप्टेंबरात, हॅलेचा धूमकेतू उपसूर्य बिंदूतून गेला. साष्टी बेटावरील लोकांनीही तो पाहिला असला पाहिजे. परंतु त्याच्या प्राचीन कक्षेचे गणित ज्या नोंदींवर उभे आहे त्या प्रामुख्याने चिनी आहेत.

वराहमिहिर याच शतकातला. केतूंचा उदय व अस्त गणिताने जाणता येत नाही, असे बृहत्संहितेच्या केतुचाराध्यायात तो स्वच्छ सांगतो. ही गणिताची अनास्था नव्हे. पंचसिद्धांतिकेच्या कर्त्यावर तसा आरोप करणे हास्यास्पद होईल. केतू एकशे एक की सहस्र, की नारदाच्या मताप्रमाणे अनेक रूपे घेणारा एकच, हे मतभेदही त्याने नोंदविले आहेत. भटोत्पलाच्या टीकेत पराशराची जी वचने टिकून राहिली त्यांत काही केतूंच्या दर्शनांमधील वर्षांची संख्याही येते. तात्पर्य, धूमकेतू परत येतो ही कल्पना येथे अपरिचित नव्हती. उणीव होती ती अमुक दिवशी, अमुक ताऱ्याजवळ, अशा वेधाची. शुभाशुभ फळाकडे लक्ष असल्यामुळे वर्ण, आकार व दिशा यांचे वर्णन विपुल झाले आणि दिनांक मात्र निसटला.

दिनांकाचे मोल किती, हे हॅलेच्याच धूमकेतूवरून दिसते. यीओमन्स व किआंग यांनी १९८१ मध्ये त्याची गती इ. स. पूर्व १४०४ पर्यंत मागे नेली. इ. स. ८३७ मध्ये तो पृथ्वीपासून केवळ ०·०३ ज्योतिषशास्त्रीय एककावरून गेला होता. इतक्या निकट भेटीत अल्पशी चूकही पुढे फुगत जाते. म्हणून त्या वर्षीच्या आणि त्याहूनही जुन्या चिनी वेधांचा आधार घेऊन गणित सावरावे लागले.

दोनशे वर्षांहून अधिक आवर्तकाल असलेल्या दीर्घावधी धूमकेतूंना हा आधार बहुधा लाभत नाही. सूर्याजवळ असताना काढलेली कक्षा त्या क्षणापुरतीच खरी असते. ग्रहांच्या आकर्षणाचे क्षोभ पायरीपायरीने वजा करीत धूमकेतू ग्रहमालेबाहेर होता त्या काळापर्यंत मागे गेले आणि सूर्याऐवजी संपूर्ण ग्रहमालेचा गुरुत्वमध्य धरला, की मूळ कक्षा मिळते. याच रीतीने पुढे गेले की भावी कक्षा. अपास्त भासणाऱ्या अनेक कक्षा मुळात विवृत्ताकार होत्या, हे एलिस स्ट्रमग्रेन यांनी १९१४ मध्ये अशाच गणिताने दाखविले. ऊर्ट यांनी १९५० मध्ये सूर्यमालेभोवतीच्या दूरस्थ धूमकेतुमेघाची कल्पना मांडली तीही अवघ्या १९ धूमकेतूंच्या मूळ कक्षांवरून.

मूळ आणि भावी कक्षांत केवढे अंतर पडू शकते, याचे ठळक उदाहरण हेल-बॉप धूमकेतूचे आहे. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूपासून ०·७७ एककावरून गेला आणि सुमारे ४,२०० वर्षांचा त्याचा आवर्तकाल सुमारे अडीच हजारांवर आला. त्याचा शोध जुलै १९९५ मधला. परंतु ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रावर तो उमटलेला सापडला आणि वेधांचा कालखंड दोन वर्षांनी मागे गेला. बोवेलचा १९८० चा धूमकेतू तर गुरूच्या आकर्षणाने सूर्यमालेबाहेरच फेकला गेला.

वेणू बाप्पू यांना हार्वर्ड येथे २ जुलै १९४९ रोजी दिसलेला आणि बाप्पू, बॉक व न्यूकर्क यांच्या नावांनी ओळखला जाणारा धूमकेतू याहून अवघड वर्गातला आहे. त्याचा आवर्तकाल सुमारे ६०,००० वर्षे येतो. अर्धदीर्घ अक्षाच्या व्यस्तांकात, म्हणजे सुमारे ०·०००६५ या संख्येत, केवळ ०·००००५ चा फरक पडला तर हा काळ जवळजवळ सात हजार वर्षांनी बदलतो. शिवाय केंद्रकातून निसटणाऱ्या वायूंचा उलट रेटा आहे, जवळून जाणाऱ्या ताऱ्यांचे आकर्षण आहे. अशा धूमकेतूच्या मागील दर्शनाचे वर्ष सांगता येत नाही. सहस्रकांचा अंदाज तेवढा करता येतो, आणि तो पडताळण्यास चिनी नोंदीही उपयोगी पडत नाहीत.