नाथांचे रामायण आणि गावबाची लेखणी

भावार्थ रामायणाच्या युद्धकांडाचा ४४ वा अध्याय संपतो आणि ग्रंथाचा कर्ता बदलतो. पोथीचे पान नेहमीसारखेच उलटते, ओवीचा छंद तोच राहतो, लंकेतले युद्धही चालूच असते. परंतु परंपरेनुसार एकनाथांची रचना येथे थांबते. युद्धकांडाचा उरलेला भाग आणि उत्तरकांड त्यांचा शिष्य गावबा याच्या नावावर सांगितले जाते. आजचा धागा या सांध्याविषयी आहे.

एका हाताने आरंभलेला ग्रंथ दुसऱ्या हाताने पुरा करणे, किंवा लोकप्रिय ग्रंथाला जोडग्रंथ लिहिणे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. महाभारतालाच हरिवंश 'खिल' म्हणून, म्हणजे पुरवणी म्हणून, जोडलेला आहे. विसाव्या शतकातील 'ययाति' (१९५९), 'मृत्युंजय' (१९६७) आणि 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्याही एका अर्थाने महाभारताच्या सोबतिणीच होत. मात्र खांडेकर, सावंत वा देसाई यांना अनुमती कोणाकडे मागावी हा प्रश्नच पडला नाही. व्यासांच्या कथेवर कोणाचा सातबारा नाही.

एकनाथांच्या बाबतीत अनुमतीचा प्रश्न खराखुरा उभा राहतो, आणि तोही दोनदा.

पहिला प्रसंग शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मधला. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर २९४ वर्षे ती नकलांतून आणि पाठांतरातून फिरत राहिली. नकलकाराचा हात चुकतो, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. पण काही भाविकांनी भक्तीच्या भरात स्वतःच्या ओव्याही तीत मिसळल्या. एकनाथांनी प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि अखेरीस बजावून ठेवले की ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय. ज्यांनी नरोटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : खोबरे काढून घेतल्यावर उरते ती रिकामी करवंटी. संपादकाने प्रक्षेपाला इतक्या घरगुती प्रतिमेने फटकारल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

दुसरा प्रसंग त्यांच्या आयुष्याच्या उतरणीचा. चतुःश्लोकी भागवत, रुक्मिणीस्वयंवर आणि १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झालेले एकनाथी भागवत यांच्यानंतर त्यांनी रामायण हाती घेतले. बाल, अयोध्या, अरण्य, किष्किंधा आणि सुंदर ही पाच कांडे झाली, सहावे सुरू झाले. १५९९ मध्ये पैठणला गोदावरीकाठी त्यांनी देह ठेवला तेव्हा ग्रंथ अपुरा होता.

तो पुरा कोणी करावा? नाथांच्या घरात विद्वत्तेचा दुष्काळ नव्हता. पुत्र हरिपंडित शास्त्रसंपन्न होते. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगणे त्यांना रुचले नाही आणि त्या रागाने ते काशीस निघून गेले होते, अशी कथा आहे. मुलीच्या वंशात मुक्तेश्वर निपजला, ज्याच्या महाभारताची पाच पर्वे आज आपल्यापाशी आहेत. आजचा कायदा लावला तर हक्क रक्ताच्या वारसाकडे गेला असता.

परंपरा सांगते ते वेगळेच. गावबा हा पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा, मंद समजला जाणारा पोर. आईने कंटाळून त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. मंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने 'एकनाथ' या नावापलीकडे काही म्हणायचे नाकारले. आणि रामायण पुरे करण्याची आज्ञा नाथांनी दिली ती याला! या कथेतील तपशील इतिहास म्हणून घेता येत नाहीत. चमत्काराची बाजू कीर्तनकारांनी खुलवलेली दिसते. तरीही कथेचा रोख ऐतिहासिकदृष्ट्या मोलाचा वाटतो. ग्रंथ पुढे नेण्याचा अधिकार वंशाने नव्हे तर गुरूच्या शब्दाने मिळतो, अशी त्या समाजाची समजूत तीत स्पष्ट उमटली आहे.

याच प्रश्नाचे आधुनिक रूप अमेरिकेत पाहा. मार्गारेट मिचेल यांच्या 'गॉन विथ द विंड' (१९३६) या कादंबरीने अमाप लोकप्रियता मिळवली. उत्तरभाग लिहायला त्या तयार नव्हत्या. १९४९ मध्ये त्या वारल्या. पुढे स्वामित्वहक्क सांभाळणाऱ्यांनी अलेक्झांड्रा रिप्ली यांची निवड केली आणि १९९१ मध्ये 'स्कार्लेट' हा अधिकृत उत्तरभाग निघाला. समीक्षकांनी तो झोडपला, वाचकांनी भरभरून विकत घेतला. २००१ मध्ये अॅलिस रँडल यांनी तेच कथानक एका गुलाम स्त्रीच्या मुखाने सांगितले. त्यांना अनुमती नव्हती, आणि प्रकरण न्यायालयात गेले. मूळ लेखिकेचा नकार ठाऊक असूनही वारसांची सही पुरेशी ठरली, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गावबाच्या कथेत निदान कर्त्यानेच हात पुढे केलेला आहे.

मग ज्ञानेश्वरीला कुलूप आणि स्वतःच्या ग्रंथाला मोकळे दार, हा विरोधाभास नव्हे काय? मला तसे वाटत नाही. ज्ञानेश्वरी दुसऱ्याची होती. तीत भर घालण्याची मुभा देणारा उरला नव्हता, म्हणून नाथांनी तिथे फक्त झाडलोट केली. रामायण त्यांचे होते, ते देता येत होते. आणखी एक भेद आहे, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्ञानेश्वरीतल्या उपऱ्या ओव्या मूळ ओव्यांच्या मध्ये शिरल्या होत्या, आपली ओळख लपवून. गावबाचा भाग नाथांच्या भागानंतर येतो. लोकांनी ४४ हा आकडा चार शतके ध्यानात ठेवला, म्हणजे सांधा झाकला नाही.

निदान जाणकारांनी तरी. आमच्या ढाणकीकडे, उमरखेड तालुक्यात, पोथी लावतात तेव्हा वाचक ओवी म्हणतो आणि सूचक तिचा अर्थ उलगडतो. पैनगंगेपलीकडच्या मराठवाड्यातही हीच रीत आहे. रामरावण युद्ध रंगात आलेले असते आणि श्रोत्यांच्या दृष्टीने बोलणारे सबंध वेळ नाथच असतात. छापील प्रतींच्या मुखपृष्ठावरही नाव असते ते एकनाथांचे. गावबाने लिहिलेल्या अध्यायांना श्रोते मिळाले, पण ते त्याच्या नावाने नव्हे. श्रद्धेच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण शिष्याने गुरूत विरून जावे हाच तिथला आदर्श. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र गावबाला एका वाक्यापेक्षा अधिक जागा मिळायला हवी. एवढा मोठा ग्रंथ दुसऱ्याच्या आवाजात शेवटाला नेणे हे मंदबुद्धीचे काम खासच नव्हे.

घरी भावार्थ रामायणाची प्रत असेल त्यांनी युद्धकांडाचे ४३ ते ४६ हे अध्याय सलग, मोठ्याने वाचावेत. दृष्टांत कुठून येतात, अध्यात्मरूपक किती लांबते, कथा थांबवून निरूपण कितीदा होते, एवढे टिपून ठेवावे. कर्ता बदलला हे माहीत नसते तर ते तुमच्या कानाला जाणवले असते का? काय आढळले ते खाली लिहा.