दस नौ आठ : मुंबईच्या फलाटावरून हिंगोलीच्या वाड्या-तांड्यांपर्यंत

जून १९९६ मध्ये मुंबईत मुलांसाठी ‘चाईल्डलाईन’ ही फोनवरची मदतसेवा सुरू झाली तेव्हा हिंगोली हा जिल्हा नव्हता, परभणीतला एक तालुका होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. त्याच वर्षी ‘चाईल्डलाईन इंडिया फाउंडेशन’ ही देशभरची संस्था उभी राहिली. जिल्हा आणि संस्था जवळपास एकाच वयाची. मुंबईच्या फलाटांवरच्या पोरांसाठी निघालेला चाईल्डलाईनचा नंबर हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत पोचला तो बऱ्याच वळणांनी. ती वळणं सांगायला हवीत, कारण आज गावात एखाद्या लेकराला जी मदत मिळते, ती त्या प्रत्येक वळणावर कुणीतरी झगडून मिळवलेली आहे.

सुरुवात झाली टाटा समाजविज्ञान संस्थेत. तिथे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत. एखादं पोर रात्री तापानं फणफणलं, कुणी मारहाण केली, पोलिसांनी उचललं, की मुलं त्यांनाच फोन करत. अडचणी रात्री-बेरात्री येणार आणि कचेऱ्या संध्याकाळी बंद होणार, हे त्यातून स्पष्ट झालं. म्हणून चोवीस तास चालणारा, पैसे न लागणारा फोन. नंबर ठरला १०९८, आणि मुलांच्या तोंडी तो ‘दस नौ आठ’ झाला. उलटी मोजणी असल्यानं तो अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही लक्षात राहतो. फोन उचलायला आणि धावून जायला त्यांच्यातलीच, रस्त्यावर वाढलेली मुलं होती. तासाभरात माणूस मुलापाशी पोचला पाहिजे, हा दंडक होता. मला या सगळ्या वाटचालीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. फोन हे साधन होतं, खरं काम होतं जाऊन मुलाच्या शेजारी बसण्याचं.

पहिली मोठी कसोटी २००१ मध्ये आली. कुलाब्यातल्या ‘अँकरेज’ या निवाऱ्यात मुलांवर परदेशी चालकांकडून लैंगिक अत्याचार होत असल्याचं उघड झालं. तेव्हा मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी वेगळा कायदाच नव्हता. जुन्या दंडसंहितेतली कलमं जुळवून खटला उभा करावा लागला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने चालकांना दोषी ठरवलं, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडून दिलं. चाईल्डलाईन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०११ मध्ये शिक्षा कायम झाली. तक्रार ते निकाल, दहा वर्षं. साक्ष देताना जी लेकरं होती, ती निकालाच्या दिवशी मिसरूड फुटलेली माणसं होती. या काळात त्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं तर खटला केव्हाच विरघळला असता.

दरम्यान २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. ‘आमच्या गावात असलं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनीच, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू झाला. त्याचा धाक कडक शिक्षेमुळे आहे असं लोकांना वाटतं, पण मोठा बदल लेकराशी वागण्याच्या रीतीत झाला. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. न्यायालयात आरोपी समोर दिसता कामा नये, पुन्हापुन्हा बोलावणं नको, नाव-गाव छापायचं नाही. आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा, मग तो शिक्षक असो, डॉक्टर असो की शेजारी.

हिंगोलीत खरी अडचण इथेच आहे. गावात गोष्ट कळते, आधी चावडीवर येते आणि तिथेच मिटवली जाते. ‘पोरीचं नाव खराब होईल’, ‘भावकीतलाच आहे, समजावून सांगू’, ‘काही रक्कम घेऊन विषय संपवा’ हे बोलणारे दुष्ट असतातच असं नाही. त्यांना पुढची वाट माहीत नसते आणि तालुक्याच्या ठाण्याची, कोर्टाच्या तारखांची भीती असते. तडजोडीत लेकराला मात्र कुणी विचारत नाही. रोज त्याच गल्लीतून, त्याच माणसाच्या दारावरून त्याला शाळेत जावं लागतं.

म्हणून महाराष्ट्राने २०१४ मध्ये ग्राम बाल संरक्षण समित्या काढल्या, त्याला मी या वाटचालीतला कळीचा टप्पा मानतो. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. कागदावर समित्या सगळीकडे आहेत. जिथे त्या जिवंत आहेत तिथे श्रेय बहुधा अंगणवाडीताईचं असतं. कोणत्या घरात आई-बाप नाहीत, कोणतं पोर गप्प झालंय, कोणत्या मुलीची शाळा अचानक सुटली, हे तिला आणि आशाताईला कुठल्याही अधिकाऱ्याच्या आधी कळतं. त्यांच्याकडून गोष्ट १०९८ वर, तिथून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि बाल कल्याण समितीकडे जाते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल चोवीस तासांच्या आत समितीसमोर यायला हवं. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती मूल घरी सुरक्षित आहे की बालगृहात ठेवायला हवं, हे ठरवते.

हिंगोलीत १०९८ चं नाव लोकांच्या तोंडी बसलं ते जास्त करून बालविवाहामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. हिंगोलीत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर आहे. शेजारच्या परभणीत तर निम्म्याच्या आसपास. काहींना हा विषय अत्याचारापासून वेगळा वाटतो, मला वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर लग्नानंतर जे लादलं जातं ते अत्याचारच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१७ मध्ये अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरवला.

कारणं मात्र समजून घ्यायला हवीत. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी वीटभट्टीवर जातं. वयात आलेली पोर आजीकडे ठेवावी तर जीव टांगणीला, आणि फडावरच्या कोपीला दार नसतं. तिच्या सुरक्षेसाठीच लग्न लावून टाकलं जातं. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे लग्नामुळे एक उचल वाढते. अशा घराला फक्त कायद्याचा बडगा दाखवून भागत नाही. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. तो, पोलीस आणि हेल्पलाईनची माणसं मांडवात पोचून लग्न थांबवतात, आई-बापांकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला समितीसमोर नेतात. पण पुढच्या हंगामात ती मुलगी वसतिगृहात आहे की दूरच्या नात्यातल्या गावी गुपचूप उरकलेल्या लग्नात, हे कुणीतरी पाहायला लागतं. मांडवातल्या धावपळीपेक्षा हे पाहणं अधिक चिवट काम आहे.

२०२३ मध्ये या वाटचालीला मोठं वळण मिळालं. मिशन वात्सल्य योजनेखाली १०९८ स्वयंसेवी संस्थांकडून राज्य सरकारांकडे आली, आपत्कालीन ११२ शी जोडली गेली आणि तिचे जिल्ह्याजिल्ह्यातले कक्ष बाल संरक्षण यंत्रणेत आले. याचे फायदे खरे आहेत. पोलीस लवकर जोडले जातात आणि सरकारी जबाबदारी टाळता येत नाही. पण मला काळजी वाटते. संस्थांची माणसं दर महिन्याला वस्तीत जाऊन मुलांमध्ये बसत, नोव्हेंबरातल्या ‘चाईल्डलाईन से दोस्ती’ सप्ताहात मुलं पोलिसांच्या आणि कलेक्टरांच्या मनगटाला सुरक्षाबंधन बांधत. त्या ओळखीवरच पुढे फोन येत असे. ज्याला कधी पाहिलंच नाही त्याला लेकरू आपलं सर्वांत अवघड दुःख सांगत नाही. नव्या कक्षांच्या कामात हे वस्तीत जाणं सक्तीचं आणि पुरेशा प्रवासखर्चासह असायला हवं.

गुन्हा नोंदवल्यानंतरच्या मदतीबद्दल तर गावात जवळजवळ काहीच माहीत नसतं. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार बाल कल्याण समिती पीडित मुलासाठी एक सहायक व्यक्ती नेमू शकते. ती दवाखान्यात, ठाण्यात, कोर्टात मुलासोबत राहते आणि खटला कुठवर आला ते घरच्यांना सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या व्यवस्थेचा पाठपुरावा करायला सांगितलं. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत अर्थसाहाय्य आणि उपचार-समुपदेशनाची सोय आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागतं. शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी २०२२ पासून सखी-सावित्री समित्या आहेत. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर त्या खरोखर बसतात का, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला, आणि तो हिंगोलीच्या प्रत्येक शाळेलाही लागू आहे.

हिंगोलीला आता सर्वांत जास्त गरज आहे ती सहायक व्यक्तींची. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बचतगटातल्या जाणत्या बाया, समाजकार्य शिकलेली तरुण मुलं यांचं रीतसर प्रशिक्षण आणि पडताळणी होऊन प्रत्येक तालुक्यात नावांची यादी तयार असली पाहिजे. बंजारा तांड्यावरच्या मुलीला गोरमाटीत बोलणारी ताई मिळाली पाहिजे. आणि टोळ्या फडावर निघण्याआधीच, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, ग्राम बाल संरक्षण समितीने बसून गावात मागे राहणाऱ्या आणि सोबत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव लिहून घ्यावं, कोण कुणाकडे राहणार ते विचारावं, आणि ज्यांच्याकडे राहणार त्यांच्या घरी दर महिन्याला जावं.