आरटीईच्या फॉर्ममध्ये शाळा कोणत्या टाकायच्या? आधी नकाशा, मग यादी

आरटीई 25 टक्के प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायला फार तर अर्धा तास लागतो. त्यात कोणत्या शाळा टाकायच्या हे ठरवायला मात्र मला चार दिवस लागले. फॉर्म माझ्या भाचीचा होता. बहीण आणि दाजी तेव्हा ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि पोरगी. घर कपिलधारजवळच्या एका वस्तीवर. कपिलधार म्हणजे बीड तालुक्यात, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरातलं मन्मथस्वामींच्या समाधीचं ठिकाण. गावाचं नाव सांगितलं कारण पुढची सगळी भानगड याच डोंगरामुळे झाली.

थोडक्यात नियम असा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यातल्या कलम 12 नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि आठवीपर्यंत फी घ्यायची नाही. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी अशा वंचित गटांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. पहिलीसाठी 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण हवीत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत (सर्वोच्च न्यायालय, 2014), त्यामुळे ओळखीची एखादी शाळा यादीत दिसली नाही तर पोर्टल बिघडलंय असं समजू नका.

2024 मध्ये मोठा गोंधळ झाला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारीत आणला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. त्या काळातले व्हिडिओ आणि लेख अजून सर्चमध्ये वर येतात. ते बघून फॉर्म भरू नका.

लाल फुगा कुठे ठेवायचा

फॉर्ममध्ये पत्ता टाकला की गुगल मॅपवर लाल फुगा येतो. तो ओढून स्वतःच्या घरावर ठेवायचा असतो. याच फुग्यापासून पोर्टल शाळांचं अंतर काढतं, आणि सोडतीत आधी 1 किलोमीटरच्या आतली मुलं, मग 1 ते 3 किलोमीटरची, मग त्यापुढची असा क्रम लागतो. म्हणजे फुगा चुकला की अख्खा फॉर्म चुकला.

मी सर्चमध्ये 'कपिलधार' टाकलं आणि फुगा थेट देवस्थानावर जाऊन बसला. वस्तीचं नाव नकाशावर नव्हतंच. नशिबाने पुढचं बटण दाबायच्या आधी लक्षात आलं. वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनी हे आधी करावं: घराच्या अंगणात उभं राहून गुगल मॅप उघडा, निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा. अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात, ते कॉपी करून ठेवा. फॉर्म भरताना सॅटेलाइट चित्र लावून फुगा त्याच जागी आणा. अक्षांशात तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक म्हणजे साधारण 111 मीटर, दुसऱ्या स्थळी एकाचा फरक म्हणजे एक किलोमीटरहून जास्त. आकडा उतरवून घेताना एक अंक इकडचा तिकडे झाला तर गट बदलू शकतो. मी तिथे नव्हतो, म्हणून शेजारच्या पोराला अंगणात उभं करून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवलं.

आता डोंगराची गोष्ट. पोर्टल मोजतं ते सरळ रेषेतलं अंतर. सपाट गावात सरळ रेषा आणि रस्ता यांत थोडाच फरक पडतो. बालाघाटात मधे दरी असते, घाट असतो. आमच्या यादीतली एक शाळा 3 किलोमीटरच्या आत दाखवत होती, रस्त्याने गेलं तर जवळपास दुप्पट. म्हणून प्रत्येक शाळेचं अंतर दोनदा काढलं: एकदा मॅपमधल्या 'अंतर मोजा' या सोयीने (हे सरळ रेषेतलं), आणि एकदा 'दिशा' दाबून रस्त्याचं. पहिल्या आकड्यावरून सोडतीतला गट समजतो. सहा वर्षांचं लेकरू रोज जाणार की नाही हे मात्र दुसराच आकडा सांगतो. फी माफ असली तरी गाडीभाडं आपल्यालाच भरायचं आहे, आणि पावसाळ्यात ती गाडी वस्तीपर्यंत येते का हे फोन करून विचारावं लागतं. नकाशाला ते माहीत नसतं.

शाळा आतून कशी आहे, हे घरबसल्या

प्रत्येक शाळेला 11 आकडी यूडायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढचे दोन जिल्ह्याचे. बीडचेही 27, म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक 2727 ने सुरू होतो. मग दोन अंक तालुक्याचे, तीन गावाचे, शेवटचे दोन शाळेचे. यूडायस प्लसच्या साइटवर 'नो युवर स्कूल' मध्ये हा क्रमांक टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं.

मी त्यात इमारत आणि कॉम्प्युटर सोडून आधी दोनच गोष्टी बघतो: इयत्तावार पट आणि शिक्षकांची संख्या. कायद्याने पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3, 120 पर्यंत 4 हवेत. पहिलीत बरीच मुलं आणि चौथीत एकदम कमी दिसली तर पालक मुलं का काढून नेतात, हे गावात विचारा. ही माहिती शाळाच भरते आणि ती मागच्या वर्षाची असते, तेवढं धरून वाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेचं कार्डही असंच उघडून बघा. आमच्या यादीतल्या एका इंग्रजी शाळेपेक्षा वस्तीजवळच्या झेडपी शाळेत मुलांमागे शिक्षक जास्त निघाले. मला ते अपेक्षित नव्हतं, खोटं कशाला सांगू.

पोर्टल 10 शाळांपर्यंत निवडू देतं. 10 भरायलाच पाहिजेत असं नाही. नंबर लागला आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही. जिथे पोरीला खरंच पाठवणार नाही ती शाळा टाकून संधी घालवण्यात अर्थ नाही. शेवटी आम्ही तीनच शाळा टाकल्या.

मोबाईल नंबर कोणाचा?

बीडमधल्या कोयत्यावरच्या कुटुंबांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. 2025-26 चे अर्ज जानेवारी 2025 मध्ये सुरू झाले. तेव्हा फडात तोड जोरात असते. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड दिलेल्या मोबाईलवर येतो, निवडीचा मेसेजही त्यावरच. दाजींचा नंबर टाकला असता तर कोपीत चार्जिंग नाही, रिचार्ज संपला की मेसेजही नाही. म्हणून गावात थांबणाऱ्या माणसाचा नंबर टाका, आणि मेसेजची वाट न बघता पोर्टलवर 'अर्जाची स्थिती' स्वतः तपासा. आई फडातून, मामा गावातून असे दोन फॉर्म भरू नका. एका मुलाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही बाद होतात.

जन्माचा, रहिवासाचा आणि जातीचा किंवा उत्पन्नाचा, हे दाखले तोडीला निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास काढून घरी ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून येतो, आणि आई-बाप दोघंही बाहेर असताना तो काढणं किती जिवावर येतं ते मी बघितलंय.

आमचा नंबर पहिल्या सोडतीत लागला नाही, प्रतीक्षा यादीत आला. तोपर्यंत जूनमध्ये भाचीचं नाव झेडपीच्या शाळेत घातलं. तिथे प्रवेश वर्षभर मिळतो, आणि पुढे बदली करावी लागली तर दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. या दिवाळीनंतर बहीण-दाजी निघतील तेव्हा पोरगी आजीजवळ राहील. आजीचं काही कारणाने जमलं नाही तर गावात हंगामी वसतिगृह सुरू होतंय का, हे आम्ही मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवलंय.