उपकरण-ते-उपकरण संवाद

उपकरण-ते-उपकरण संवाद किंवा डी-टू-डी हे मोबाइल दूरसंचारातील एक तंत्र आहे. यात जवळजवळ असलेल्या दोन उपकरणांमधील माहिती मनोऱ्यामार्गे न जाता थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एरवी डोंबिवली स्थानकाच्या एकाच फलाटावर उभ्या असलेल्या दोघांचे फोनवरील बोलणेही मनोऱ्याकडे, तेथून कंपनीच्या मध्यवर्ती जाळ्यात आणि पुन्हा त्याच फलाटावर असा प्रवास करते.

== कार्यपद्धती ==
थेट दुव्यासाठी मोबाइल सेवेच्याच परवानाप्राप्त वारंवारता वापरता येतात. अंतर कमी असल्याने प्रक्षेपणास थोडी शक्ती पुरते आणि तीच वारंवारता थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. मात्र शेजारच्या संभाषणांत व्यत्यय येण्याचा धोका राहतो. म्हणून कोणी केव्हा व कोणत्या वारंवारतेवर बोलावे, हे शक्यतो मनोराच ठरवतो. मनोऱ्याच्या कक्षेबाहेर उपकरणे आधीच नेमून दिलेल्या वारंवारतांमधून स्वतः निवड करतात. ब्लूटूथ आणि वाय-फाय डायरेक्ट यांत परवानामुक्त पट्टा वापरला जातो. तेथे मोबाइल जाळ्याचे नियंत्रण आवश्यक नसते.

== मानके ==
थ्री-जीपीपी या मानक संस्थेने एलटीईसाठी ही सोय 'रिलीज १२' मध्ये (२०१५) आणली. या थेट दुव्यास 'साइडलिंक' म्हणतात. रिलीज १४ मध्ये वाहनांमधील संवादासाठी आणि रिलीज १६ मध्ये (२०२०) ५जी जाळ्यासाठी साइडलिंकचा विस्तार झाला.

== आपत्तीतील उपयोग ==
या मानकांमागे आपत्कालीन सेवांची गरज हे एक प्रमुख कारण होते. ती गरज ठाणे जिल्ह्याला अपरिचित नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई-ठाणे परिसरातील मोबाइल सेवा मोठ्या प्रमाणात कोलमडली. मनोऱ्यांचा वीजपुरवठा तुटला आणि उरलेल्या जाळ्यावर एकाच वेळी असंख्य कॉल आले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा ठिकाणी बचाव पथकातील उपकरणे मनोरा बंद असतानाही परस्परांशी बोलू शकतात. रिलीज १३ नुसार कक्षेत असलेले एखादे उपकरण कक्षेबाहेरच्या उपकरणासाठी दुवा म्हणूनही काम करते. तसे उपकरण जवळ नसेल, तर पुरात अडकलेल्याचा निरोप आसपासच्या उपकरणांपुरताच राहतो.

एलटीई साइडलिंकची कक्षेबाहेरील सोय मुख्यतः सार्वजनिक सुरक्षा यंत्रणांसाठी आखलेली असल्याने सर्वसामान्य फोनमध्ये ती सहसा आढळत नाही.