ठेका मिळाला, पण विम्याचं काय? परवाना, पॉलिसी आणि मजुराची भरपाई : कंत्राटदारांसाठी माहिती

भिवंडी : काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोलीपासून थेट वडपे-पडघ्यापर्यंत गोदामांची कामं सुरू आहेत. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला. शेती कमी झालेल्या घरांतली पोरं आता जेसीबी, डंपर, सेंट्रिंग नाहीतर लेबरचा ठेका घेतात. काम मिळवायची घाई असते. विम्याचा कागद मात्र माणूस पत्र्यावरून पडल्यावर शोधला जातो.

पहिली गोष्ट, आपल्याकडे ‘कंत्राटदाराचं लायसन’ असा एकच कागद नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी वेगळी, कंत्राटी कामगार लावण्याचा परवाना वेगळा, वीजकामाचा परवाना वेगळा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मजूर ठेवणाऱ्या कंत्राटदाराच्या कामगार विम्याची नोंद परवाना मंडळाकडे नसेल, तर परवानाच निलंबित होतो. इथं तसं थेट जोडलेलं नाही. बांधकाम विभागाच्या नोंदणीत मुख्य भर ऐपतीचा दाखला, कामाचा अनुभव, पॅन आणि जीएसटीवर असतो. त्यामुळे नोंदणी झाली म्हणजे सगळं झालं, असा अनेकांचा समज होतो. विमा पुढं येतो तो निविदेच्या अटींमध्ये, आणि त्या अटी फार थोडे जण शेवटपर्यंत वाचतात.

राज्य शासनाच्या कामांच्या निविदेत साधारणपणे अशी अट असते की कामाचा विमा वांद्रे येथील विमा संचालनालयाकडूनच, म्हणजे शासकीय विमा निधीतूनच उतरवायचा. बाहेरच्या कंपनीची पॉलिसी काढली तर ती धरली जात नाही आणि हप्त्याची रक्कम बिलातून कापली जाते. म्हणजे पैसे दोनदा जातात. ओळखीच्या एजंटकडून पॉलिसी घेण्याआधी निविदेतलं ते पान वाचलेलं बरं.

कामाच्या या विम्याला कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी म्हणतात. नावात ‘ऑल’ असलं तरी त्यात सगळं येत नाही. चालू कामाचं आग, पूर, कोसळणं यामुळं झालेलं नुकसान त्यात येतं. बाहेरच्या माणसाला किंवा शेजारच्या मालमत्तेला झालेली इजाही येते. पण कंत्राटदाराचा स्वतःचा मजूर हा ‘बाहेरचा माणूस’ धरला जात नाही. बहुतेक छोटे ठेकेदार इथंच फसतात. मजुरासाठी कर्मचारी भरपाई विमा वेगळा घ्यावा लागतो.

त्याची गरज का, ते हिशेबावरून कळेल. मजूर कामावर मेला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. हिशेबासाठी मजुरी जास्तीत जास्त 15,000 रुपये धरली जाते. तीस वर्षांच्या मजुरासाठी आकडा 207.98 आहे. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15 लाख 59 हजार 850 रुपये. महिनाभरात रक्कम भरली नाही तर 12 टक्के व्याज लागतं. योग्य कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. विमा नसेल तर ही रक्कम ठेकेदाराच्या खिशातून जाते आणि खिशात नसेल तर सातबाऱ्यापर्यंत गोष्ट जाते.

‘त्यानं बेल्ट लावला नव्हता’, ‘तो दारू प्यायला होता’ ही कारणं मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाहीत. दुसरं म्हणजे, ‘मजूर माझे नाहीत, मुकादमाचे आहेत’ हेही चालत नाही. मोठ्या ठेकेदारानं आपल्या धंद्यातलं काम छोट्याला दिलं असेल, तर भरपाई मोठ्याकडून मागता येते. त्यानं ती नंतर छोट्याकडून वसूल करायची. म्हणून पॉलिसी काढताना पोटठेकेदाराची माणसंही मोजून सांगावीत. हप्ता कमी यावा म्हणून चाळीस मजुरांच्या जागी दहाच दाखवले, तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

गावात अपघात झाला की चार जण बसतात, स्टॅम्पपेपर होतो, दोन-तीन लाख रोख देऊन प्रकरण मिटवलं जातं. देणाऱ्याला वाटतं सुटलो, घेणाऱ्याला वाटतं तेवढं तरी मिळालं. कायद्यानं मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम, ठरावीक आगाऊ सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही. मजुराची बायको पुढं दावा करू शकते आणि ठेकेदाराला पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागू शकते. विमा कंपनीला न कळवता केलेल्या अशा समझोत्यामुळं पॉलिसीचाही उपयोग राहत नाही. अपघात झाला की पोलिसांबरोबर विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावं आणि पोच ठेवावी.

कंत्राटी कामगारांच्या परवान्याची मर्यादा 50 आहे. 1970 च्या कायद्यात ती 20 होती, महाराष्ट्रानं ती 50 केली, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितेतही 50 च आहे. पण परवाना लागत नाही म्हणून बाकी नियम सुटत नाहीत. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय लागतो. त्यात महिना 21,000 पर्यंत मजुरी असलेले येतात, मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. ईएसआयमध्ये असलेल्या मजुराच्या अपघाताला वरची एकरकमी भरपाई लागत नाही, त्याऐवजी घरच्यांना महिन्याला पैसे मिळतात. छोट्या ठेकेदाराला हा सर्वात स्वस्त आधार आहे, पण हप्ते थकवले तर उलटतो. वीस कामगारांपासून पीएफ लागतो. त्यातल्या ठेव संलग्न विम्यातून 7 लाखांपर्यंत रक्कम वारसाला मिळू शकते. ही गोष्ट कामगारांनाही फारशी माहीत नसते.

विमा टिकवायचा म्हणजे तारीख सांभाळायची. पाऊस, जमिनीचे वाद, थकलेली बिलं यामुळं काम लांबतं, मुदतवाढ मिळते. मुदतवाढीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात पॉलिसीचीही मुदत वाढवून घ्यावी. ती आपोआप वाढत नाही. मजूर वाढले तरी कळवावं.

मजुरांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावं. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम, ही अट आहे. कामावर मृत्यू झाल्यास मंडळाकडून वारसाला 5 लाख रुपये मिळतात. हे पैसे ठेकेदाराच्या भरपाईच्या बदल्यात नाहीत, ते वेगळे. मात्र त्यासाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला बरेच ठेकेदार टाळाटाळ करतात. हजेरीपट नीट ठेवला असेल तर दाखला लिहायला पाच मिनिटं पुरतात.