बीन्स-बटाट्याची भाजी

बीन्स-बटाट्याची भाजी ही काय लिहायची गोष्ट आहे होय, असं कुणी म्हणेल. डब्यात चालते, पंगतीत चालते, आजाऱ्याच्या ताटातही चालते. आमच्या बेळगावात ती मराठी घरात होते तशीच कानडी घरात, आणि दोघंही तिला आपली जुनी भाजी म्हणतात. पण जुनी म्हणजे किती जुनी?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी 1204 सालची. रट्टांच्या राज्यात बिचिराजानं ती बांधवली. तेव्हा या भाजीतले बटाटा, बीन्स आणि हिरवी मिरची हे तिन्ही जिन्नस समुद्रापार अमेरिकेत होते. पुढे तीनशे वर्षांनीही तीच गत. मंगरस तिसरा या जैन कवीनं 1508 च्या सुमारास कानडीत ‘सूपशास्त्र’ हा स्वयंपाकावरचा ग्रंथ पद्यात लिहिला. त्यात वांगी आहेत, केळी आहेत. बटाटा नाही, मिरची नाही. दोनच वर्षांनी, 1510 मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला.

‘बटाटा’ हा शब्द त्यांच्याच तोंडून आपल्याकडे आला. कॅरिबियन बेटांवर तो मुळात रताळ्याचा शब्द. बीन्सचं उलटं झालं. वाल, पावटा, घेवडा आपल्याकडे होतेच. नवी शेंग आली तिला लोकांनी श्रावणघेवडा म्हणून घरातलंच नाव दिलं. ‘फरसबी’त मात्र इंग्रजांचा ‘फ्रेंच बीन’ अजून ऐकू येतो. बटाटा गावोगाव पसरला तो इंग्रजी अमदानीत. महाबळेश्वरच्या तुरुंगातले चिनी कैदी साहेबलोकांसाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत. बेळगावलाही 1818 नंतर छावणी पडली, आणि हळूहळू छावणीतलं गावात, गावातलं शेतात आलं.

आता आमच्या जैन घरातला पेच. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त मुळा आणि ओलं आलं वर्ज्य सांगितलंय, लाभ थोडा, जीवघात फार, हे कारण. त्यात बटाट्याचं नाव कसं असणार? तरी तो आला तेव्हा आमच्या बायकांना कुणाला विचारावं लागलं नाही. जमिनीखाली वाढतो ना, मग कंदमूळ. बीन्सच्या शेंगा वेलीला वर लागतात, त्या सरळ आत आल्या.

पण आम्ही शेतकरी जैन. बेळगावच्या तांबड्या मातीत पावसाळी बटाटा होतो, आणि काढणीचे दिवस दशलक्षण पर्वाच्या आसपासच येतात. माझ्या सासूबाई दिवसभर शेतात बटाटे वेचत, आणि चातुर्मास संपेपर्यंत एक फोडही तोंडात घालत नसत. ‘पिकवायचा चालतो, मग खायचा का नाही?’ असं आता नाती विचारतात. शास्त्रानं गृहस्थाच्या धंद्यात होणारी उद्योगी हिंसा वेगळी मानली आहे, हे मी सांगते. ऐकायला बरं वाटतं, पण पोरींचं समाधान होत नाही. खरं तर माझंही पुरतं होत नाही. सासूबाईंना पोटासाठीचा बटाटा आणि चवीसाठीचा बटाटा यांतला फरक ठाऊक होता, एवढं मी म्हणू शकते. त्या फरकावर त्यांनी जन्म काढला.

एरवी ही भाजी अशी: पाव किलो बीन्सच्या शिरा काढून बारीक चिरायच्या. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, हळद. दोन बटाट्यांच्या फोडी नि बीन्स एकदमच टाकायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या. मीठ, वरून ओलं खोबरं. हळद चालते, कारण ती वाळलेली.

पर्वात बटाट्याच्या जागी कच्चं केळं. काळं पडू नये म्हणून फोडी ताकाच्या पाण्यात ठेवायच्या. केळं लवकर शिजतं, म्हणून आधी बीन्स अर्ध्याकच्च्या शिजू द्यायच्या, मग केळं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजीही सोडतात, तेव्हा मग हे सगळंच बंद.

म्हणजे बघा, मंगरसाच्या ग्रंथातलं केळं पर्वापुरतं परत ताटात येतं नि नवखा बटाटा बाजूला होतो. मिरची मात्र जागची हलत नाही. तीही समुद्रापलीकडचीच. पण ती झाडाला वर लागते, म्हणून तिला कुणी कधी अडवलं नाही. भाजी कुठून आली हे आमच्या चुलीनं कधी विचारलंच नाही; कुठे वाढते, एवढंच विचारलं.